थापी, थापा आणि एक उन्हाळा

मित्रांनो, गवंड्याच्या हातात सिमेंट उचलायची आणि भिंतीवर फासायची एक वस्तू तुम्ही पाहिली असेल. तीच मी, थापी. माझं आता वय झालं आहे. पातं कडेने झिजलं आहे, मुठीला चीर गेली आहे, पण अजून हातात नीट बसते.

माझा जन्म दूरच्या देशातला. एका लोहाराने मला घडवलं आणि एका गवंड्याने उचललं. हा गवंडी धिप्पाड, झुबकेदार मिशांचा आणि मोजकं बोलणारा. त्याच्या हातून मी कितीतरी भिंती लिंपल्या. एका वर्षी पुरात तिथल्या दवाखान्याच्या भिंती पडल्या. त्या उभारायला उन्हाळ्यात देशोदेशींची तरुण मुलं आली. त्यांना पगार नव्हता. दोन वेळचं जेवण आणि झोपायला शाळेची एक खोली, एवढंच. गवंड्याने कपाळाला हात लावला. "मी विटा मागितल्या होत्या," तो म्हणाला, "यांनी माणसं पाठवली."

त्यांत एक मराठी मुलगी होती. तिला रेती चाळायला बसवलं. सगळे भिंतीवर आणि आपण चाळणीवर, हे काही तिला पटेना. एका दुपारी ती उठून गवंड्यासमोर उभी राहिली. वडीलधाऱ्या माणसाला नावाने कशी हाक मारायची? म्हणून आपल्याकडे मारतात तशी तिने मारली. "मामा, मला भिंतीवर घ्या."

तिथल्या भाषेत मामा म्हणजे आई.

लोक घमेली खाली ठेवून हसले. गवंड्याच्या मिशा थरथरल्या. रागाने की हसू दाबल्यामुळे, ते मलाही कळलं नाही. अर्थ समजल्यावर मुलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामा म्हणजे आईचा भाऊ, असं ती हातवारे करून सांगू लागली.

"आई म्हणालीस ना," गवंडी म्हणाला, "मग आता शिकवणं आलं." आणि त्याने मला तिच्या हातात दिलं.

तिचा पहिला गिलावा भिंतीवरून घसरून तिच्याच पायांवर पडला. दुसराही पडला. गवंडी फक्त तिचं मनगट धरून सैल करायचा. उन्हाळा सरेपर्यंत दवाखान्याची मागची भिंत तिने एकटीने लिंपली होती. निघताना त्याने मला पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून तिला दिलं. "घेऊन जा. रिकाम्या हाताने सांगितलंस तर कुणाला खरं वाटायचं नाही."

माझ्यासकट सांगूनही खरं वाटलं नाही, ही गोष्ट वेगळी. तिची धाकटी बहीण म्हणायची, "ताई थापा मारते."

"थापी माझ्याकडे आहे, मग थापा कोण मारणार?" ती हसून म्हणायची.

पुढे तिला नोकरी लागली, संसार झाला, मुलगी झाली. घरात कुठेही पोपडा सुटला की ती पदर खोचून मला बाहेर काढायची. मुलगी मोठी झाल्यावर तिला संकोच वाटू लागला. "आई, गवंडी बोलाव ना. लोक काय म्हणतील?" मग मी बरीच वर्षं माळ्यावर पडून होते. गंज चढला. पण तक्रार कुणाकडे करणार?

यंदा खिडकीखालचा गिलावा पडला आणि तिने मला पुन्हा खाली काढलं. अर्धा भाग झाल्यावर तिला धाप लागली. मला धुऊन, पुसून तिने खिडकीत ठेवलं. त्यानंतर ती दवाखान्यात गेली ती घरी आलीच नाही.

घर आवरायला मावशी आली. "ही थापी भंगारात जाऊ दे," ती भाचीला म्हणाली. "आणि भिंतीला गवंडी बोलाव. हे अर्धंमुर्धं खरवडून सगळं नव्याने करून घे. एकसारखं दिसेल."

मुलगी आईने लिंपलेल्या भागाकडे बराच वेळ पाहत राहिली. "खरवडायचं नाही," ती म्हणाली. तिने सिमेंट-रेतीचा माल कालवला आणि मला उचललं. तिचा गिलावाही घसरला, थेट मावशीच्या पावलांवर.

"अगं बाई, आधी भिंत भिजव," मावशी पाय झटकत म्हणाली. "तुझी आई इतकं पाणी मारायची, की आम्ही छत्री मागायचो." मग तिनेच बादली भरून आणली.

संध्याकाळपर्यंत उरलेला भाग झाला. मुलीचा हात जड होता. तिच्या बाजूला उंचवटे राहिले.

"सांधा दिसतोय गं," मावशी म्हणाली.

"दिसू दे, मावशी."

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. हत्यार वापरून झालं की ओलं असतानाच धुवा. माल वाळला की तो हटत नाही. आणि कुणाचं अर्धं राहिलेलं काम दिसलं, तर खरवडण्याआधी बघा, ते तिथूनच पुढे नेता येतं का.