निजवलेले वाफे

"गाडीतून न उतरताच तुम्ही आमची बाग पडीक ठरवलीत," शिंपीणकाकूंनी पालिकेच्या साहेबांना तोंडावर सुनावलं.

गल्लीने मिळून राखलेली ती भाज्या-फुलांची बाग. थंडीत मातीला विसावा म्हणून वाफे पाल्याखाली निजवलेले असताना साहेब आले होते आणि 'पडीक जागा. इथे वाहनतळ होणार' अशी पाटी ठोकायला लावून गेले होते. काकूंची धाकटी जाऊ ती पाटी उपटायलाच निघाली होती.

"राहू दे गं," काकू म्हणाल्या, "खांब फुकट मिळालाय." थंडी सरताच त्यांनी खांबाच्या बुडाशी घेवडा पेरला आणि वेल वर चढेल तसतसा दुकानातल्या कातरणांनी बांधत गेल्या.

आज साहेब मोजणीला आले, तर बाग फुलांनी भरलेली आणि पाटी गायब.

"आमची पाटी कुठंय?"

"शेंगांच्या मागे. तोडत तोडत शोधा," जाऊ म्हणाली.

साहेबांना हसू आलं नाही. "बाई, कागदावर ही जागा पडीकच आहे."

काकूंनी शेंगांची ओंजळ त्यांच्या हातातल्या त्याच कागदावर ओतली. "साहेब, तुम्हीही निजताच की. तेव्हा तुमच्या उशाशी कुणी 'पडीक' म्हणून पाटी ठोकतं का? उत्तर द्या, मगच टेप काढा."