चौदाची चौदाच

तिने गेल्या वर्षीचा अहवाल उघडून दोनशे बाराव्या ओळीखाली पट्टी धरली. मग त्याच्या आदल्या वर्षीचा उघडला आणि तिथेही धरली. ‘उरलेलं आयुष्य, वर्षांत’ या रकान्यात दोन्हीकडे चौदा होतं. यंदाचा मसुदा समोर पडद्यावर होता. त्यातही चौदाच.

तिने चष्मा काढून डोळे चोळले. कोळशावरचं वीजकेंद्र म्हणजे काही सिनेमातली नटी नव्हे, वय चोरायला. दर वर्षी ते निदान वर्षाने तरी म्हातारं व्हायला हवं होतं.

सकाळी धाकट्या भावाचा फोन आला नसता तर तिने ही ओळ पाहिलीच नसती. तो त्याच केंद्रात बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये होता. अठ्ठेचाळीस वर्षांचा, कानावरचे केस पिकलेले, आणि तिच्यासाठी अजून बाळ्याच. आई लवकर गेली. त्याचा अभ्यास, ताप, परीक्षा सगळं तिनेच निस्तरलं, त्यामुळे ताई म्हणाली की त्याच्यापुरता विषय मिटायचा. त्याच्या कंपनीने दूरच्या गावी बॅटऱ्यांचं नवं केंद्र उभारलं होतं. तिकडे जायला वीस जागा, आठ महिने प्रशिक्षण, पगार जरा कमी, पण नोकरी निवृत्तीपर्यंत पक्की. जे जाणार नाहीत त्यांनी जुनं केंद्र बंद होईपर्यंत तिथेच राहायचं, पुढचं पुढे. नावं द्यायची मुदत आज पाचला संपत होती.

“एवढंच सांग ताई,” तो म्हणाला होता, “यंदा तुझ्या पुस्तकात आमचं काय आहे? चौदाच ना?”

“बघून सांगते,” ती म्हणाली होती, आणि मग तीन वाजेपर्यंत तिला मान वर करायला फुरसत मिळाली नव्हती.

अहवालाचं नाव ‘ऊर्जा बाजार : पुढची पंचवीस वर्षं’. पुढचे पंचवीस दिवस कुणाला सांगता येत नव्हते, हा भाग वेगळा. पहिलं प्रकरण तिने या महिन्यात तीनदा लिहिलं होतं. एकदा तेलाच्या जहाजांची सामुद्रधुनी बंद झाली म्हणून, एकदा ती उघडली म्हणून, आणि एकदा एका मोठ्या देशात सरकार पडलं आणि नव्याने आधीच्याचे सगळे करार फिरवले म्हणून. बॅटऱ्यांच्या किमतीचा आलेख तर दर वर्षी तिच्या अंदाजाच्या खाली घसरत होता. बावीस वर्षं हे काम करून ती थकली होती, आणि हल्ली ते लपवायचाही तिला कंटाळा आला होता. मागचे, परिशिष्टातले तक्ते ती बघतच नसे. तिथले आकडे केंद्रांकडून यायचे, फॉर्म भरून.

तिने कपाटातून जुने अहवाल काढले. चौदा, चौदा, चौदा. सात वर्षांपूर्वीच्या अहवालात त्या आकड्याशेजारी बारीक चांदणी होती आणि खाली टीप : केंद्राकडून उत्तर नाही, आकडा अंदाजे. तिला आठवलं. छपाईचा दिवस होता, घोडं त्याच एका ओळीवर अडलं होतं. त्या वयाच्या बॉयलरांची सरासरी काढून तिनेच चौदा टाकले होते. पुढच्या वर्षी केंद्राचं उत्तर आलं, त्यातही चौदा होतं. आपला अंदाज बरोबर निघाला म्हणून ती तेव्हा खूश झाली होती आणि तिने चांदणी काढून टाकली होती.

संपादक दारातून डोकावले.

“मागचे तक्ते छपाईला सोडताय ना? सहाला जायचंय.”

“दोनशे बारामध्ये घोळ आहे.”

त्यांनी वाकून पाहिलं. “घोळ कसला? केंद्रानेच कळवलंय की. आपण पदरचं काही घालत नाही.” आणि ते गेले.

तिने भावाला फोन लावला. मागे यंत्रांची घरघर होती.

“बाळ्या, आमचा फॉर्म येतो ना तुमच्याकडे दर वर्षी, तो कोण भरतं?”

“तो निळा? मीच भरतो की,” तो हसला. “साहेब माझ्याकडेच ढकलतात. म्हणतात, तुझ्या बहिणीचं काम, तूच बघ.”

“आणि उरलेलं आयुष्य?”

“ते तुझ्या पुस्तकातून घेतो. साहेबांनाही तेच बरं वाटतं. तुझ्यापेक्षा जास्त कुणाला कळणार?”

तिने हातातली पट्टी खाली ठेवली.

“अरे, दर वर्षी तोच आकडा? तुला काही वाटलं नाही?”

“मला वाटलं, तुम्ही दर वर्षी नव्याने हिशोब मांडता. आम्ही पाइप बदलतो, दुरुस्ती करतो, त्याने आयुष्य वाढत असेल.” मग त्याचा आवाज उतरला. “का गं? तू कुठून घेतेस?”

“तुमच्या फॉर्मवरून.”

तिला त्याचा चेहरा दिसत होता. गणित चुकलं की लहानपणी तो वहीकडे बघायचा नाही, तिच्याकडे बघायचा.

“माझं चुकलं, बाळ्या,” ती म्हणाली. “पहिला आकडा मीच ठोकून दिला होता. आता पुस्तक बाजूला ठेव. तुला काय दिसतं ते सांग.”

तो हळूहळू बोलू लागला. पूर्वी बॉयलर एकदा पेटला की महिनोन्महिने विझायचा नाही. आता सकाळी दहाला उन्हाची वीज आली की तो उतरवायचा, चारला पुन्हा चढवायचा. रोज तापणं, रोज निवणं. पाइपांना चिरा जातात. सुटे भाग येत नाहीत, तेव्हा दोन नंबरचं युनिट उघडून त्याचे याला लावतात. कोळशाची गाडी रोज यायची, ती आता आठवड्यातून दोनदा येते.

“किती वर्षं?”

“तीन,” तो म्हणाला. हे उत्तर त्याच्याकडे कधीपासून तयार होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. “ओढूनताणून चार.”

“मग आत्ता जा आणि नाव दे. ऊठ.”

“ताई, तुझं ते पान मी दर वर्षी कँटीनच्या फळ्यावर लावतो. सगळ्यांना मीच सांगत आलोय, चौदा वर्षं आहेत, कशाला घरदार उचलता. वीस जागांना आतापर्यंत फक्त चार नावं आहेत.”

“ते नंतर सांग. आधी तू नाव दे.”

“हो, हो,” तो म्हणाला. फोन बंद झाला.

तिने दोनशे बाराव्या ओळीत तीन लिहिलं आणि टिपेत लिहिलं : मागील सहा वर्षांचा आकडा चुकीचा होता. संपादक आले, चिडले, आता या वेळेला ही टीप कशाला म्हणाले. तिने टीप काढली नाही. शेवटी त्यांनी हात झटकले. साडेपाचला तिने तक्ते सोडले आणि पुन्हा फोन लावला.

“दिलंस नाव?”

“वीसच्या वीस जागा भरल्या,” तो म्हणाला. त्याला धाप लागली होती, पण आवाज मोकळा होता. “पाचच्या आतच. आमच्या वेल्डरने दिलं, दोन्ही क्रेनवाल्यांनी दिलं. रांग लागली होती अगं.”

“तुझं नाव विचारतेय मी.”

“आधी पाळीवरच्यांना गाठलं, मग कोळशाच्या यार्डात गेलो. तिथे फोन लागत नाही, चालतच जावं लागतं. परत आलो तर यादी बंद.”

तिने खुर्चीची कड घट्ट धरली. तिला ओरडायचं होतं, लहानपणी ओरडायची तसं.

“ताई? आहेस ना?”

“आहे.”

“तू नको जिवाला लावून घेऊस,” तो म्हणाला. “तीन वर्षं आहेत की अजून. आणि ही कुठून उतरवून घेतलेली नाहीत.”