तमिळात सांगा

"हें काय अहे?" राजमने लिंबू नवऱ्याच्या नाकासमोर धरले.

"लिंबू," गुरुमूर्ती म्हणाले.

"तें मजला ठाऊक अहे. तमिळांत सांगा."

गुरुमूर्तींनी तोंड उघडले. ओठ जुळले, जीभ टाळूला लागली, सुटली, पुन्हा लागली. मानेच्या शिरा फुगल्या. शब्द आत कुठेतरी होता, पण हाताला लागत नव्हता. शेवटी त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "लिंबू! लिंबूच अहे तें!"

"बरं, लिंबू तर लिंबू." राजमने ते बाजूला ठेवले आणि पुस्तक पुढे ओढले. अकरावीचे रसायनशास्त्र, तमिळ माध्यम. "लिंबांत काय असतें? अमिलम. म्हणा पाहूं, अमिलम."

"आंबट," गुरुमूर्ती म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

ज्या माणसाने उभा जन्म तंजावूरच्या पोरांना आम्ले आणि क्षार, अणू आणि रेणू शिकवले, त्याला त्याची बायको आता आम्लाला तमिळात काय म्हणतात ते शिकवत होती. आणि बायको तरी कोण? दहावीची परीक्षा दिल्यावर जिने पुस्तकाला हात लावला नाही ती. रसायनातला मोल म्हणजे काय हे तिला कालपर्यंत माहीत नव्हते. आजही होते असे नाही, पण व्याख्या मात्र तोंडपाठ होती.

पोंगलच्या आदल्या दिवशी गुरुमूर्तींना पक्षाघाताचा झटका आला. हातपाय हळूहळू सावरले, वाचा मात्र गेली ती गेलीच. इस्पितळात कितीतरी दिवस ते नुसते छताकडे बघत पडून होते. मग एका सकाळी स्वच्छ आवाजात म्हणाले, "राजम, पाणी दे गे." राजम आनंदाने रडत वॉर्डभर फिरली. पण नर्सने तमिळात नाव विचारले, तेव्हा त्यांना ते सांगता आले नाही.

तरुण डॉक्टरीणबाईंनी राजमला बाजूला घेऊन नीट समजावले. "त्यांना सगळं कळतं, अम्मा. तमिळ कळतं, इंग्रजी कळतं. आत जायचा रस्ता मोकळा आहे, बाहेर यायचा बंद झालाय. त्यांच्या तीन भाषांपैकी एकीला वाट सापडली. बाकीच्या दोघींना सापडेल किंवा सापडणार नाही. माझ्या हातात काही नाही."

घरात आपण जे बोलतो तीही एक भाषा आहे आणि ती तमिळ-इंग्रजीच्या रांगेत मोजतात, हे राजमच्या कधी मनातही आले नव्हते. ती फोडणीची भाषा होती, सासूच्या टोमण्यांची होती. सोवळ्याओवळ्याची होती. खुद्द गुरुमूर्तीच थट्टेने म्हणायचे की आपल्या मराठीत पाणी मागता येते, पण पाण्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन करता येत नाही. आणि देवाने नेमकी तीच त्यांच्या तोंडात ठेवली. देवाची थट्टा माणसापेक्षा वाईट असते.

या मराठीला घेऊन गाठोड्यासारखे घरात बसून राहण्याखेरीज तंजावूरमध्ये माणूस काय करणार? राजवाड्यामागच्या त्यांच्या गल्लीत मराठी बोलणारी घरे उरली होती थोडकी, आणि त्यांतली तरणी मुले ऐकायची मराठी पण उत्तर द्यायची तमिळात. कोइमतूरहून लेक अखिला फोन लावून द्यायची, तेव्हा नातू प्रणवेशसुद्धा तेच करायचा. तरी तो निदान हसायचा. भाजीवाली मात्र गुरुमूर्तींशी बहिऱ्याशी बोलावे तशी ओरडून बोलू लागली. पेपरवाला त्यांच्याकडे बघेनासा झाला. मग गुरुमूर्तींनी दाराशी जाणे सोडले.

एका दुपारी जेवणाच्या पानावर ते म्हणाले, "मजला वर्ग पाहिजे, राजम. वर्ग नाहीं तर मी कशास राहूं?"

राजमने ऐकले न ऐकलेसे केले आणि ताक वाढले. पण त्या दिवसापासून त्यांच्या झोपेच्या गोळ्या ती स्वतःच्या पदराला बांधून फिरू लागली. ते न्हाणीत गेले की आतून कडी घालतात, याची तिला पहिल्यांदा भीती वाटली.

मे संपता संपता हेडमास्तर कार्तिकेय घरी आले. भला माणूस. चपला काढून बसला आणि म्हणाला, "सर, शाळा उघडली की बारावीच्या वर्गावर एक उजळणीचा तास घ्या. सोपंच आहे. अकरावीच्या मूळ संकल्पना, व्याख्या, सूत्रं. झोपेत विचारलं तरी सांगाल असं. संस्थेचे प्रमुख, आपले करस्पाँडंट, स्वतः येऊन बसतील. तास झाला, तर तुमची जागा तुमचीच." तास झाला नाही तर काय, हे त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही.

त्या दिवसापासून घरात लिंबू, चुना, मीठ, सोडा यांची शाळा भरू लागली. सकाळी पाणी यायच्या आधी, दुपारी भांडी झाल्यावर, राजम पुस्तक घेऊन बसे. गुरुमूर्ती घामाघूम होत. सूत्रे हाताने लिहिता येत, त्यात एक आकडाही चुकत नसे, पण तोंडाने "चुना" आणि "मीठ" यांच्यापुढे गाडी सरकत नव्हती. एकदा त्यांनी पुस्तकच भिंतीवर भिरकावले. राजमने ते उचलले, पान सरळ केले आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडून घेतले.

मग एक गोष्ट घडली. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून राजम आरती म्हणत होती. आणि मागे गुरुमूर्ती म्हणू लागले. एकही शब्द न अडखळता, त्यातल्या संस्कृतासकट, त्यांनी शेवटपर्यंत साथ दिली. राजमच्या हातातली घंटा थांबली. जे सुटे येत नाही ते चालीत बांधून येते, हे तिने पाहिले, आणि त्या बाईच्या डोक्यात जे आले ते या घराखेरीज दुसऱ्या कुणाच्या डोक्यात येणे शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी तिने मोलची तमिळ व्याख्या आरतीच्या चालीवर बसवली.

बारा ग्रॅम कार्बन-बारामध्ये जितके अणू असतात तितके कण म्हणजे एक मोल. टाळी, टाळी, थांबा. गुरुमूर्ती पहिल्या दिवशी अर्ध्यावर अडकले. दुसऱ्या दिवशी पार झाले. राजमने कडाकडा बोटे मोडून दृष्ट काढली. मग अमिलम बसवले, मग कारम म्हणजे आम्लारी, मग अणू, मूलक्कूरु म्हणजे रेणू, उत्प्रेरक. शाळा उघडायच्या सुमाराला ते घर म्हणजे रसायनशास्त्राचे भजनी मंडळ झाले होते. शेजारची वत्सला विचारायला आली, "काय गे, कोणतं नवं व्रत धरलंस?"

एकच खोट होती. मध्ये कुणी अडवले की गुरुमूर्तींना पहिल्यापासून सुरू करावे लागे, पाढे म्हणणाऱ्या मुलासारखे. राजमला ते ठाऊक होते. तिने देवाला एवढेच मागितले की वर्गात कुणी काही विचारू नये. मास्तरच्या बायकोने असे मागावे, यासारखी लाज नाही.

तासाच्या दिवशी हेडमास्तरांनी तिला शेवटच्या बाकावर बसू दिले. करस्पाँडंट खिडकीशी खुर्ची टाकून बसले होते. पांढरे धोतर, हातात मोबाइल. गुरुमूर्ती इस्त्रीचा शर्ट घालून आत आले. सारा वर्ग उठून "वणक्कम सर" म्हणाला. त्यांनी हात जोडले.

फळ्यावर त्यांनी लिहिले: दोन हायड्रोजन, एक ऑक्सिजन, दोन पाणी. दोन्ही बाजू तोललेल्या. मग वर्गाकडे वळून ते मोलची व्याख्या म्हणू लागले. चाल ऐकून मागची दोन मुले फिसकन हसली. गुरुमूर्तींनी त्यांच्याकडे फक्त पाहिले. ती नजर शाबूत होती. हसू जिरले. अमिलम झाले, कारम झाले. राजम ओठातल्या ओठात बरोबर म्हणत होती, मांडीवर ताल धरत होती. करस्पाँडंटांनी मोबाइल खिशात ठेवला. हेडमास्तर दारातून हळूच हसले.

गुरुमूर्ती पुढच्या व्याख्येला आले. अभिक्रियेत जो पदार्थ आधी संपतो तोच ठरवतो की उत्पादन किती होणार. अर्ध्यावर आले असतील, तोच दुसऱ्या बाकावरची नागलक्ष्मी नावाची मुलगी उभी राहिली.

"सर, दुसरा पदार्थ तर ढीगभर उरलेला असतो. मग अभिक्रिया थांबते कशाला?"

किती चांगला प्रश्न! असा प्रश्न यावा म्हणून मास्तर लोक वर्षभर घसा फोडतात. गुरुमूर्तींचा चेहरा आधी उजळला आणि मग विझला. त्यांनी व्याख्या पहिल्यापासून सुरू केली. त्याच शब्दाशी अडकले. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथेच. राजमने पदर तोंडात धरला.

गुरुमूर्तींनी खडू ठेवला. त्या मुलीकडे बघितले, आणि एकाएकी बोलू लागले. घरच्या मराठीत.

"अगे लेंकरा, आई पोळ्या करत्ये कीं नाहीं? परातभर कणीक अहे. पुरण अहे इतकुसं. पुरण संपलं कीं पोळी संपली. कणीक किती कां उरेना! उरली कणीक ती पोळी नव्हे."

वर्ग बघतच राहिला. कुणाला एक अक्षर कळले नाही. नागलक्ष्मी गोंधळून उभीच होती. राजम कधी उठली ते तिचे तिलाच समजले नाही. तिने ते सारे तमिळात सांगितले. पोळीला बोळी म्हणाली, परातीला ताट म्हणाली. नागलक्ष्मीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे पुरणाएवढीच बोळी! कणीक बघायचीच नाही!"

"चोखोट!" गुरुमूर्ती ओरडले. याचे भाषांतर करावे लागले नाही.

मग एक मुलगा उठला, मग आणखी एक. ते तमिळात विचारत, गुरुमूर्ती मराठीत सांगत, राजम तमिळात फिरवून देई. मोहरी मोजत नाहीत, मुठीने घेतात, तसे अणू मोजत नाहीत, मोलने घेतात. मोलची व्याख्या राजमला त्या क्षणी पहिल्यांदा समजली. लग्नाला एवढी वर्षे झाली, पण नवरा काय काम करतो ते तिने आज पाहिले. ती सारे विसरली. करस्पाँडंट विसरली, परीक्षा विसरली. हेच, असेच चालेल, रोज येऊ आपण दोघे, असे तिला वाटून गेले.

"अम्मा, पुरे," करस्पाँडंट उठून म्हणाले. आवाज मऊ होता. "शिकवतात उत्तम, त्यात वाद नाही. पण एका जागेवर दोन माणसं मी कशी ठेवू? उद्या पालक विचारतील, परवा शिक्षण खातं विचारेल. तुम्ही त्यांना नीट समजावून सांगा." गुरुमूर्ती दोन हातांच्या अंतरावर उभे होते, आणि करस्पाँडंट राजमला म्हणत होते, सांगा.

गुरुमूर्तींना सांगावे लागले नाही. ते टेबलाला धरून पुढे आले. "मजला घरीं धाडूं नका," ते म्हणाले. "लॅबांत बाटल्या पुशीन. मागच्या बाकावर बसेन, तोंड उघडणार नाहीं. येऊं द्या इथं. तुमच्या पायां पडतों."

करस्पाँडंटांनी राजमकडे पाहिले. साऱ्या वर्गाने पाहिले. आता तमिळात सांगायची पाळी तिची होती. ज्या सरांच्या नजरेने आत्ता दोन पोरांचे हसू जिरले होते, ते सर पाया पडताहेत, हे तिने या मुलांना सांगायचे होते. तिने मान खाली घातली. एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही.

करस्पाँडंटांना वाटले की सर आभार मानताहेत. त्यांनी हात जोडले. "अहो, आभार आम्ही मानायचे," ते म्हणाले, आणि घंटा झाली.

फाटकाशी दोघे रिक्षाची वाट बघत उभे राहिले. ऊन चढले होते. राजमने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. आपण सांगायला हवे होते का, कदाचित त्यांना दया आली असती, असे तिच्या मनात येत होते आणि ती ते दाबत होती. गुरुमूर्ती रस्त्याकडे बघत होते.

मागून धावत पावले आली. नागलक्ष्मी होती.

"अम्मा, सर शेवटी करस्पाँडंटांना काय म्हणाले? तेवढंच तुम्ही आम्हाला सांगितलं नाहीत."

राजमने नवऱ्याकडे पाहिले. तोही तिच्याकडेच बघत होता. तमिळ शब्द न शब्द त्याला कळत होता.

"सर म्हणाले," राजम तमिळात म्हणाली, "या वर्गातली मुलं प्रश्न चांगले विचारतात. त्यांना नवीन मास्तर तसेच चांगले द्या."

नागलक्ष्मीने सरांकडे बघितले, खरे का, अशा चेहऱ्याने. गुरुमूर्ती क्षणभर जमिनीकडे बघत राहिले. मग त्यांनी मान वर केली, आणि वर्गात कुणी बरोबर उत्तर दिले म्हणजे हलवत, तशी एकदा हलवली.