ओढ्याकडचा हिरवा ठिपका

घरच्या पोरीनं घरचं शेत चव्हाट्यावर मांडावं, हे गौरम्माला काही केल्या पटत नव्हतं. तिची नात शैलश्री बीदरला नोकरीला. सुट्टीवर गावी, मुडबीला आली तरी मोबाइल हातातून सुटत नव्हता. उपग्रहानं वरून काढलेले फोटो जोडून ती रंगीत नकाशे करायची, खाली दोन ओळी लिहायची आणि जगाला दाखवायची. जग रिकामटेकडंच, लगेच वाद घालायला बसायचं. इकडं ताटातली भाकर वाळून जायची. उद्या सासरी गेलीस की चुलीचाही नकाशा काढशील, असं गौरम्मानं सुनावून झालं होतं. पोरगी नुसती हसली होती.

यावेळी नकाशा निघाला तो घरच्याच शेताचा. दर वैशाखाचा एक चौकोन, अशी वर्षांची रांग. सगळं रान करपून तांबडं, फक्त ओढ्याकडच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका. खाली शैलश्रीनं विचारलं होतं, ऐन उन्हाळ्यात हे हिरवं कशानं?

उत्तरं मराठीत आली, कानडीत आली. पाइप फुटला असेल, म्हणालं कुणी. कुणाच्या मते नकाशाच चुकला होता. कलबुर्गीच्या एकानं तर ठासून लिहिलं की खाली झरा आहे, बोअर तिथंच मारा. पुष्कळांनी त्याला दुजोरा दिला. गौरम्माचा मुलगा अमरेश, म्हणजे शैलश्रीचा बाप, त्यालाही ते पटलं. त्यानं बसवकल्याणहून बोअरची गाडी सांगितली, आणि उद्या खणतोय, हेही शैलश्रीनं जगाला कळवून टाकलं.

गौरम्मानं मोबाइल मागून घेतला. अक्षरं तिला जेमतेम लागत, पण शेताचा आकार तळहातासारखा ठाऊक. ठिपक्यावर बोट ठेवलं ते तिला उचलवेना.

तिथं पवित्रा होती. गौरम्माची थोरली लेक. अमरेश पाळण्यात असताना तापात पाणी पाणी करत गेली. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं तिला बसवून, हातात इष्टलिंग देऊन पुरलं. थोरांवर चौथरा बांधतात, पोरीवर नुसता दगड ठेवला होता. रान सपाट करताना यंत्रानं तोही ढकलून नेला. नवरा गेल्यावर ती जागा ठाऊक असलेली गौरम्मा एकटीच उरली. लेकीचं नाव तिनं घरात कुणाला काढू दिलं नव्हतं. रोज तांब्याभर पाणी मात्र तिथं ओतायची. कुणी विचारलंच तर हात धुतले म्हणायची.

म्हणजे हे हिरवं आपल्याच पाण्याचं, असं वाटून तिला जरा धीर आला. मग तिची नजर शेवटच्या दोन चौकोनांवर गेली.

गुडघे गेल्यापासून, दोन वर्षं, ती शेताकडं फिरकलीच नव्हती. ठिपका विझायला हवा होता. तो गडद झाला होता. पहिल्या चौकोनात तिळाएवढा, आता हरभऱ्याएवढा, आणि कोपरा सोडून घराच्या वाटेकडं सरकलेला. तिथं पाणी कोण घालतंय, तिनं हळूच विचारलं. कुणीच नाही, शैलश्री म्हणाली, तिकडं जातंय कोण? गौरम्मानं तांब्या तोंडाला लावला. मग न पिताच खाली ठेवला.

सकाळी बोअरची गाडी बांधाला लागली. अमरेश नारळ घेऊन उभा, शैलश्री मोबाइल धरून. काठी टेकत गौरम्मा आली आणि त्या हिरव्या गवतावर बसली. लुगडं खालून ओलं झालं. अमरेश उठवायला आला, त्याला तिनं काठीनंच बाजूला सारलं आणि नातीकडं पाहिलं.

"शैला, नकाशा तुझा खोटा न्हाई. पण हितं झरा न्हाई, तुझी आत्या बसलीया. पवित्रा. तहान लागलीया तिला, घराकडं निघालीया. हे हिरवं कशानं, हे समद्या जगाला इचारलीस, मला कामून इचारली न्हाईस? गाडी माघारी धाड. आन् नोकरी करायलीस ती कर, पण आजपासनं हितला तांब्या तुझा."