होयबा कॅप्टन

"खुर्च्या पांढऱ्या चामड्याच्या आहेत, कॅप्टन. डाग पडला तर साहेबांना मी कुठल्या तोंडाने सांगू?"

मॅनेजर विमानाच्या पायऱ्या अडवून उभा होता. खाली तापलेल्या डांबरावर स्ट्रेचर होतं. त्यावर बॉयलरवरचा कामगार, छातीपासून हातांपर्यंत भाजलेला. सलाईनची बाटली त्याच्या बायकोने उंच धरली होती.

"रस्त्याने सात तास," कारखान्याचे डॉक्टर तिसऱ्यांदा सांगत होते. "एवढा दम नाही त्याच्यात. विमानाने पाऊण तास."

आणि विमान त्याच शहराला निघालं होतं. तेही रिकामं. मालकीणबाईंची कुत्री केस कापून घ्यायला तिकडे गेली होती, तिला आणायला.

कॅप्टनला पाठीमागे सगळे होयबा म्हणत, आणि ते त्याला ठाऊक होतं. ट्रक ड्रायव्हरचा मुलगा. आधी शेतांवर औषध फवारणारी विमानं, मग पार्सलांची, आणि चाळिशी उलटल्यावर कुठे हे चकचकीत जेट. 'विमान कुणीही उडवेल, मालकाकडे टिकायचं तर जीभ आवरता आली पाहिजे,' हे त्याच्या पहिल्या वरिष्ठाने शिकवलं होतं. ते त्याने गाठीला बांधलं. साहेबांवर छत्री धरली, पाहुण्यांच्या बॅगा उचलल्या. 'येतोच' म्हणून गेलेल्या साहेबांची चौदा-चौदा तास वाट पाहिली. वडील गेले तेव्हाही तो एका परक्या विमानतळावर अशीच वाट पाहत बसला होता.

"बाजूला व्हा," तो मॅनेजरला म्हणाला.

"साहेबांना फोन तरी लावू द्या!"

"लावा. काय म्हणाले ते आल्यावर ऐकतो."

"नोकरीवर पाणी सोडताय तुम्ही."

कॅप्टनने स्ट्रेचरचं एक टोक धरलं. दुसरं धरून डॉक्टरही आत चढले. को-पायलटने मागची खुर्ची आडवी केली.

दार लावताना त्याने पाहिलं, कामगाराची बायको खुर्च्या सोडून खाली गालिच्यावर अंग चोरून बसली होती.

"वर बसा ना ताई."

"नको साहेब. डाग पडेल."

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो कॉकपिटमध्ये जाऊन बसला. त्याने विमान चाळीस मिनिटांत उतरवलं.

चौथ्या दिवशी सकाळी कामगार गेला.

आठवड्याने कॅप्टनला ऑफिसात बोलावणं आलं. टेबलावर वर्तमानपत्र होतं. त्यात साहेबांचा हात जोडलेला फोटो होता, आणि खाली छापलं होतं: 'कामगाराच्या प्राणांसाठी क्षणाचाही विचार न करता स्वतःचं विमान देणारे आमचे साहेब.' शेजारी कॅप्टनच्या नावाची नोटीस होती: 'परवानगीशिवाय कंपनीच्या मालमत्तेचा गैरवापर.'

"यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही," मॅनेजर म्हणाला. "एक लोकांसाठी, एक फायलीसाठी. अहो, 'माझी चूक झाली' एवढी एक ओळ लिहा आणि मोकळे व्हा. आणि शेवटी मिळवलंत काय? माणूस तर गेलाच."

"तीन दिवस बायकोशी बोलत होता तो."

मॅनेजरने पेन पुढे सरकवलं. कॅप्टनने ते घेतलं आणि नोटिशीखाली स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'विमानात रुग्ण, त्याची पत्नी आणि डॉक्टर असे तिघे होते. साहेब नव्हते.' सही केली, तारीख घातली.

"लिहिली का ओळ?" घरी बायकोने विचारलं.

"लिहिली. दुसरीच."

तिने ताट घेतलं. मग म्हणाली, "हात धुऊन या, वाढते."

पुढे ज्या ज्या कंपनीत अर्ज केला, तिथून 'कळवतो' एवढंच आलं. विमानांचे मालक मोजकेच, आणि एकमेकांच्या लग्नांना जाणारे.

आता तो फ्लाइंग क्लबात शिकवतो. परवा एक निवृत्त शिक्षिका पहिल्या धड्याला आल्या. दोन माणसांचं ते विमान बघून हसल्या. "एवढंसंच?"

"पुरतं तेवढं, बाई."

त्याने टाकीत पट्टी बुडवून इंधन कसं बघायचं ते दाखवलं, मग डावीकडचं दार उघडलं. त्या बिचकल्या. "ही तर कॅप्टनची जागा ना?"

"शिकणाऱ्याने इथेच बसायचं असतं."

त्यांचा पट्टा त्याने नीट आवळून दिला, आणि वळसा घालून तो उजवीकडे जाऊन बसला.