नऊ बोथट कट्यारी

"हे कुणी केलं?"

ताईने खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती. भिंतीवरून काढलेली कट्यार तिच्या हातात होती. चिलखत भेदायला म्हणून जाड, चौकोनी घडवलेलं तिचं टोक आता अंगठ्यासारखं गोल झालं होतं. दोन्ही कडा घासून सपाट केल्या होत्या आणि घासलेल्या जागी पोलाद तापून निळं पडलं होतं.

धाकटा भाऊ खुर्चीतून अर्धवट उठला आणि परत बसला. "सगळ्यांचंच केलंय," तो म्हणाला. "नऊच्या नऊ. तू गेलीस तशा वेल्डिंगवाल्याकडे नेल्या. ओळखीतला आहे, कुठे बोलायचा नाही."

"मी विचारलं का तो बोलेल का म्हणून?"

"ताई, तू आधी बस. पाणी पी."

"पाणी! नऊ पात्यांचं पाणी उतरवलंस आणि मला पाणी पाजतोस?"

भावजय आतल्या दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मी यांना नको म्हणत होते."

"म्हणत होतीस! दार लावून घ्यायचं होतंस. माझ्या शस्त्रक्रियेच्या खोलीत कुणी असं नुसतं म्हणत बसलं असतं ना, तर अर्धे पेशंट टेबलावरच राहिले असते."

ताई मोठ्या रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागात नर्स होती. सगळी नोकरी तिने दुसऱ्यांची हत्यारं उकळण्यात, मोजण्यात आणि पुसण्यात काढली. एक चिमटा कमी भरला तर पोट शिवू द्यायची नाही. मोठे मोठे डॉक्टर तिच्यापुढे चळचळ कापायचे. पण त्यातलं एकही हत्यार तिचं नव्हतं. या कट्यारी मात्र तिच्या होत्या. पहिली तिला भंगारवाल्याच्या ढिगात सापडली. कट्यारीची मूठ सुरीसारखी नसते. दोन समांतर दांड्यांच्या मधे आडवी पकड असते, ती आवळून धरली की पातं सरळ बोटांच्या पुढे येतं. ताईने भंगारवाल्यासमोरच ती हातात घेतली, आणि सोडवेना. तिचं लग्न झालं नाही. नातेवाईक म्हणायचे, बाईला नवरा मिळाला नाही म्हणून सुऱ्या गोळा करते. ती त्यांना तोंडावर सांगायची, "सुरी बोलावल्याशिवाय चहाला येत नाही, तुमच्यापेक्षा बरी."

मग नवा नियम आला. मुठीत धरून भोसकायचं पातं घरात ठेवणं गुन्हा ठरला. त्यात दोन सवलती होत्या. शंभर वर्षांहून जुनी वस्तू जाणकाराचा दाखला जोडून, नोंद करून ठेवता येणार होती. आणि शोभेच्या बिनधारेच्या वस्तूंना नियम लागू नव्हता. ताईने परवाना शाखेत खेटे घालून पहिल्या सवलतीसाठी अर्ज केला होता. धाकट्याने वर्तमानपत्रात दुसरी सवलत वाचली, आणि तीही अर्धीच. पाणीपुरवठा कार्यालयात उभा जन्म काढलेला माणूस तो. साहेबाने नुसतं वर पाहिलं तरी याच्या तोंडचं पाणी पळायचं. परवाना शाखेचे साहेब कट्यारींच्या तपासणीला घरी येणार म्हटल्यापासून त्याला झोप नव्हती. कुणाला तरी घरातल्या तलवारीवरून पकडून नेल्याची बातमी त्याने कापून ठेवली होती.

ताईने पर्स उघडून एक कागद काढला आणि त्याच्या मांडीवर टाकला.

"वाच. संग्रहालयातल्या माणसाने फोटो तपासून दिलेला दाखला. नऊही कट्यारी शंभर वर्षांच्या वरच्या. हा आणायला गेले होते मी. तुला सांगून गेले होते."

"तू म्हणालीस काम आहे म्हणून."

"मग काय गावजेवणाला गेले होते?"

धाकट्याने कागद वाचला. ओठ हलवत पुन्हा वाचला. "पण आता तर धारच नाही, ताई," तो म्हणाला. "म्हणजे आपण दोन्हीकडून सुटलो ना?" त्याच्या चेहऱ्यावर खरोखरच आशा होती. ताईला त्या आशेचाच जास्त संताप आला.

साहेब दुसऱ्या दिवशी दुपारी आले. सोबत एक शिपाई, त्याच्या काखेत गोणपाट. साहेब माणूस वाईट नव्हता. चपला दाराबाहेर काढून आत आला, दाखला नीट वाचला, भिंतीजवळ जाऊन एकेक कट्यार निरखून पाहिली. तिसरीशी तो थांबला.

"हे घासलंय कधी?"

"काल," धाकटा पुढे होऊन म्हणाला. "आम्हीच. आता अगदी निरुपद्रवी आहेत, साहेब. हात फिरवून बघा."

साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, कशाला? जुन्या वस्तूला सूट आहे ती मूळ स्थितीत असेल तर. पात्याला हात लावला की सूट गेली."

"मग शोभेची म्हणून..."

"शोभेची म्हणजे मुळातच धार न काढता केलेली. ही खरी हत्यारं आहेत. दोन्हीत बसत नाहीत. होत्या तशा ठेवल्या असत्यात तर आज चहा पिऊन, सही करून गेलो असतो."

धाकटा भिंतीला टेकून खाली बसला. ताई मात्र साहेबांवर उसळली.

"साहेब, धार होती तेव्हा ठेवता येत होती आणि धार गेली म्हणून जप्त? हा कुठला न्याय?"

"नियम मी केला नाही, बाई."

"कुणीच केलेला नसतो! मी नोकरीभर भोसकलेली माणसं टेबलावर घेतली. भाजी चिरायच्या सुऱ्या, फुटक्या बाटल्या, एकदा तर छत्रीची काडी. कट्यारीचा एक नाही आला. जा ना, घराघरातून भाजीच्या सुऱ्या गोळा करा! ते नाही होणार. म्हातारी बाई सापडली, तिच्या भिंतीवर नऊ खिळे सापडले, झालं काम."

साहेबांनी शिपायाला खूण केली. शिपाई पंचनामा लिहायला बसला. लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाला, "धारदार हत्यारे, नग नऊ."

"धारदार?" ताई म्हणाली. "बोट फिरवा. कापलं तर मी टाका घालते, फुकट."

"नमुना छापील आहे, मावशी. आपण फक्त आकडा भरायचा."

ताईने सही केली. शिपायाने पहिली कट्यार उचलून गोणपाटात टाकली. लोखंड जमिनीवर आपटल्याचा आवाज झाला.

"थांब!"

ती आतल्या खोलीत गेली आणि पांढऱ्या पट्ट्यांची गुंडाळी घेऊन आली. गोणपाटातली कट्यार तिने बाहेर काढली, टेबलावर आडवी ठेवली आणि घासलेल्या टोकावर कापूस ठेवून पट्टी बांधायला सुरुवात केली. बोटाला बांधतात तशीच, टोकापासून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याच्या अर्ध्यावर घेत.

"बाई," साहेब हळू आवाजात म्हणाले, "या वितळवायला जाणार आहेत."

"माहीत आहे."

"मग कशाला?"

"तुमच्या नियमात पट्टी बांधायला मनाई आहे का? नसेल तर बसा."

साहेब बसले. शिपाईही बसला. एक झाली, दुसरी झाली. धाकटा भिंतीपाशी बसून बहिणीच्या हातांकडे बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

"ताई, मी तुझ्यासाठीच केलं गं. तुला धरून नेलं असतं तर मी काय केलं असतं?"

"कळतंय मला ते," ती मान वर न करता म्हणाली. "म्हणून तर तुला धड शिव्याही देता येत नाहीत. दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्याचं घर डोक्यावर घेतलं असतं. तुझं कुठलं घेऊ? मीच राहते त्यात."

धाकटा उठला आणि टेबलापाशी येऊन उभा राहिला. त्याचे हात रिकामे होते आणि त्यांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. ताईने शेवटचा वेढा घेतला, पट्टीचं टोक दातांत धरलं आणि त्याच्याकडे न बघता उजवा हात बाजूला पसरला.

"कात्री."

त्याने घाईघाईने कात्री उचलून तिच्या तळहातावर ठेवली. टोकं तिच्याकडे होती.

ताईने पट्टी दातांतून सोडली.

"मूठ पुढे करून द्यायची असते," ती म्हणाली. "जन्मभर माझ्याजवळ राहिलास आणि एवढंही शिकला नाहीस. फिरव ती."

त्याने कात्री फिरवून दिली. तिने पट्टी कापली, गाठ मारली आणि पुढची कट्यार ओढून घेतली.