टोमण्यांची पेटी

माझ्या थोरल्या मुलीला जुळी झाली, त्या वर्षी वहिनीचा आवाज गेला. घशात गाठ निघाली होती. डॉक्टरांना गाठीबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. जीव वाचला. गळ्याला पुढून एक भोक राहिलं, त्यातून ती श्वास घेई आणि वरून पातळ रुमाल बांधी.

माझा भाऊ गेल्यावर वहिनी भाजीबाजारात आली होती. आधी निवडायला बसली, आणि पुढे एका अडत्याच्या ओट्यावर उभी राहून मालाचा लिलाव पुकारू लागली. मी त्याच ओट्याखाली हमाल होतो. मी तिला वहिनी म्हणायचो, म्हणून सगळा बाजारच तिला वहिनी म्हणे.

लिलाव पुकारणं म्हणजे नुसतं ओरडणं नव्हे. मुरलेला खरेदीदार तोंडाने बोली लावत नाही. एक भुवई उडवतो, दुसरा कान खाजवतो, तिसरा खांद्यावरचं फडकं सारखं करतो. पुकारणाऱ्याने त्यांच्यावरून नजर हलवायची नाही, आणि कुणी थंड पडला की त्याला टोचायचं. वहिनीचं टोचणं असं, की माणूस चिडून भाव वाढवी आणि वर हसे. टकलू म्हणून एक कोबीवाला होता. तो तिचा आवडता बकरा. "टकलू, कोबी बघतोयस की आरसा?" असं ती म्हणाली, की हा लाल व्हायचा आणि त्याचा हात आपोआप वर जायचा. मलाही ती सोडत नसे. "भावोजी, पोतं उचलताय की लेकरू निजवताय?"

आता ती घरी बसून होती. आमच्या अडत्या मालकाने ओट्यावर दुसरा माणूस उभा केला. मालक वाईट नव्हता. मला म्हणाला, "वहिनीला काट्यावर बसव. वजन करायला आवाज लागत नाही." मी तसं तिला सांगितलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही. ओटा गेला तर ती जेवेल, झोपेल, पण वहिनी म्हणून उरणार नाही, हे मला कळत होतं.

डॉक्टरांनी गळ्याला टेकवायचं एक यंत्र दिलं होतं. त्यातून भुंग्यासारखे शब्द निघत. खोलीत ते समजत, पण बाजाराच्या कल्लोळात कुणाला ऐकू जाणार? शिवाय ते धरायला एक हात अडकायचा आणि भाव दाखवायला तर दोन्ही हातांची बोटं लागायची.

तेव्हा आमच्याच मजल्यावरचा रेडिओमास्तर पुढे आला. रेडिओ, पंखे, इस्त्र्या, काय वाटेल ते दुरुस्त करायचा. म्हणाला, "बटणांची पेटी करतो. बटण दाबलं की आत भरलेलं वाक्य भोंग्यातून बाहेर. भाव बोटांनी दाखवायचा, बाकीचं पेटी बोलेल." खालच्या टेम्पोवाल्याने बॅटरी दिली. समोरची शिवणवाली पेटी बघायला आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "मास्तर, सगळी बटणं सारखीच! ही खाली बघत बसली तर गिऱ्हाइकांकडे कोण बघणार?" तिने आपला डबा आणला आणि पेटीच्या प्रत्येक बटणावर कपड्याचं वेगळं बटण चिकटवलं. कुठे कोटाचं जाडं, कुठे शर्टाचं, कुठे नुसता मखमलीचा तुकडा. बोटाला न बघता कळावं म्हणून. गळ्यात अडकवायला रुंद पट्टाही शिवला, मानेला काचणार नाही असा.

आवाज द्यायला शाळेतल्या बाईंना बोलावलं. त्यांचे उच्चार मोत्यासारखे. त्यांनी शांतपणे भरलं, "माल उत्तम आहे." "कृपया बोली वाढवावी." "आभारी आहे." आम्ही सगळे खूश. वहिनी ऐकत बसली होती. आजारातून उठलेल्या बाईच्या तोंडी वेडंवाकडं काही घालावं, हे आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

पहिल्या सकाळी निम्मा मजला बाजारात आला. वहिनी ओट्यावर चढली आणि पेटी बोलली, "कृपया बोली वाढवावी."

बाजार मयताला आल्यासारखा गप्प झाला. एकाने टोपी काढली. मग सगळ्यांच्या भुवया एकदम उडाल्या, आणि टकलूने तर विचारायच्या आतच हात वर केला. माल असा गेला, की त्या मोसमात तसा भाव कुणी बघितला नव्हता. रेडिओमास्तर डोळे पुसत होता. मालक म्हणाला, "उद्यापासून ओटा वहिनीचा."

वहिनी खाली उतरली आणि कुणाशी नजर न मिळवता घरी गेली. आम्हाला वाटलं, दमली. संध्याकाळी तिच्या खोलीत जमलो, तर तिने पेटी काढून जमिनीवर ठेवली आणि माझ्यापुढे हात पसरला. रस्त्यावर पसरतात तसा.

"भीक?" मी विचारलं.

तिने मान डोलावली.

मास्तरला लागलं. "अहो वहिनी, भाव तर चांगला मिळाला की!"

"मास्तर," मी म्हणालो, "भाव मालाला नाही मिळाला. गळ्यातल्या भोकाला मिळाला."

"आणि तो तरी किती दिवस मिळणार?" शिवणवाली म्हणाली. "दया दुधासारखी. सकाळची संध्याकाळी फाटते."

मग वहिनीने ते भुंग्याचं यंत्र गळ्याला लावलं. "मी टकलूला… काय म्हणायची… ते भरा." आणि बाईंकडे बोट केलं. "आधी… बाई."

"मी?" बाई उठून उभ्याच राहिल्या. "अहो, मी मुलांना शिकवते!" पण वहिनीचं बोट काही खाली येईना. बाईंनी घसा साफ केला. "टकलू, कोबी बघता आहात की आरसा?"

"बाई, ते 'आहात' काढा," शिवणवाली म्हणाली. "टकलूला त्याच्या लग्नातसुद्धा कुणी आहात म्हटलं नसेल."

तिसऱ्या वेळी बाईंनी ते वाक्य असं फेकलं, की मास्तरचा हात जागच्या जागी थबकला. "हे कुठे शिकलात हो?"

"पालकांच्या सभेत," बाई म्हणाल्या.

मग बांध फुटला. वहिनीकडून ज्याला जे ऐकावं लागलं होतं ते त्याने आपणहून आठवून दिलं. शिवणवालीने भरलं, "हात खिशातून काढ, खिसा पळून जात नाही!" टेम्पोवाल्याने भरलं, "बोल की, जीभ भाड्याने दिलीस का?" मी माझ्या जाड्या आवाजात भरलं, "माल बघ, माझ्याकडे काय बघतोस, मी विकायला नाही!" वहिनीचे खांदे गदागदा हलत होते. आवाज नव्हता, पण ते हसणं अख्ख्या खोलीला दिसलं.

दुसऱ्या दिवशी ती ओट्यावर चढली, तेव्हा खाली सगळे दुखवट्याची तोंडं करूनच उभे होते. टकलू पुढे आला. "वहिनी, बरं वाटतंय ना?" आणि कोबीचा ढीग न बघताच त्याचा हात वर जाऊ लागला. वहिनीचं बोट कोटाच्या बटणावर गेलं.

"टकलू, कोबी बघतोयस की आरसा?"

टकलूचा हात अर्ध्यावर थांबला. त्याचे कान लाल झाले. मला वाटलं, आम्ही जरा जास्तच केलं की काय?

"अगं बया!" टकलू ओरडला. "गळा कापला तरी जीभ शाबूतच! आणि हा काय कोबी आहे? किडका! निम्मा भाव देईन, घ्यायचा तर घे!" आणि त्याने हात खाली टाकला.

वहिनीचा चेहरा असा उजळला, की मला दुसरीकडे बघावं लागलं.

तिने माझं बटण दाबलं. "मी विकायला नाही!" हे पुरुषी आवाजात ऐकल्यावर सगळा बाजार खिदळला. "वहिनी, दिराला पेटीत कोंबलंस काय?" कुणीतरी विचारलं. त्या हशातच एका बटाटेवाल्याची भुवई पापणी लवावी इतकीच हलली. कुणाला दिसली नाही, वहिनीला दिसली. तिची बोटं वर गेली. बटाटेवाला आपल्या कोबीवर येतोय हे टकलूला कसं सोसणार? त्याने चढवलं. बटाटेवाल्याची भुवई पुन्हा हलली, टकलूने पुन्हा चढवलं. "एक वार, दोन वार, तीन वार!" पेटीतून बाई कडाडल्या, आणि कोबी टकलूचा झाला.

मालक माझ्या कानाशी लागला. "काल यापेक्षा जास्त आले होते."

"काल दान होतं," मी म्हणालो. "आज लिलाव झालाय."

उन्हं वर येईपर्यंत शेजारच्या दोन ओट्यांवरची माणसं आमच्या ओट्याखाली येऊन उभी राहिली. कोण कुणाला काय बोलतं ते ऐकायला आली आणि माल घेऊन गेली. मालकाने दुसऱ्या पुकाऱ्याला हाक मारली आणि काट्यावर बसवलं. ही माझी वहिनी, असं मी त्या दिवशी अनोळखी माणसांनाही धरून धरून सांगितलं.

त्यानंतर तिने बरीच वर्षं ओटा सांभाळला. मास्तरने अशा पेट्या आणखी केल्या. एक रंगाऱ्याच्या मुक्या मुलीला, एक लकव्याने बोलणं गेलेल्या गवंड्याला. पैसे कुणाकडून घेतले नाहीत. वाक्यं भरायच्या आधी तो पहिला प्रश्न हाच विचारी, "तुम्हाला चिडवायचंय कुणाला?"

गेल्या हिवाळ्यात, एका रविवारी दुपारी, वहिनी झोपेत वारली. टकलू त्याआधीच्या उन्हाळ्यातच गेला होता.